मार्कडाऊनमधला मराठी मजकूर कन्व्हर्टर कसा हाताळतो, हे तपासण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर मी मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून, लिहून कन्व्हर्टरने त्याची वर्ड फाईल काढली आणि ती न उघडताच डीटीपीसाठी पाठवून दिली. देणगीदारांच्या यादीत सदतीस नावे होती आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी १., २., ३. असे आकडे घातलेले होते. छापून आलेल्या पानावर ती सदतीस नावे आकड्यांसकट एकाच सलग परिच्छेदात बसलेली होती. पहिला दोष अर्थातच माझा, कारण मी तपासले नव्हते. पण असे का झाले याचा शोध घेताना लक्षात आले की कन्व्हर्टरने कोणतीही चूक केलेली नव्हती. तो ज्या नियमांनी चालतो त्या नियमांत देवनागरी आकड्याने यादी सुरू होतच नाही.

वाचनालयाचा वार्षिक अहवाल, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे पत्रक किंवा महिला मंडळाची माहिती पुस्तिका तयार करणाऱ्या, आणि त्यासाठी मार्कडाऊन नुकतेच वापरू लागलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. एकच मजकूर वर्ड, पीडीएफ आणि एचटीएमएल अशा तीन रूपांत द्यायचा असेल, तर साध्या मजकुरात चार खुणा करून लिहिणे आणि रूपांतर यंत्राकडे सोपवणे ही पद्धत फार सोयीची आहे. मात्र त्या यंत्राची परीक्षा मराठी मजकुरावरच घ्यायला हवी, इंग्रजी नमुन्यावर घेऊन भागत नाही. मार्कडाऊनच्या खुणांचे नियम ज्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून बांधले गेले, त्यांत शब्द संपला की मोकळी जागा येते. मराठीत शब्द संपला की प्रत्यय येतो, आणि बहुतेक घोटाळे नेमके त्या सांध्यावर होतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

मार्कडाऊन ही लेखनपद्धत जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडली. त्यांचे मूळ वर्णन वाचायला सोपे होते, पण अडचणीच्या जागी काय करायचे हे त्यात पुष्कळदा सांगितलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक कन्व्हर्टरने आपापली वाट धरली आणि एकाच पद्धतीच्या अनेक बोली झाल्या. हा गोंधळ आवरण्यासाठी २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाचे काटेकोर नियमपत्रक पुढे आले, ज्यात साडेसहाशेच्या आसपास उदाहरणे देऊन प्रत्येकाचे अपेक्षित उत्तरही लिहिलेले आहे. हे पत्रक लिहिण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते जॉन मॅकफार्लेन हे मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि २००६ मध्ये पहिल्यांदा आलेला पॅनडॉक हा विनामूल्य कन्व्हर्टरही त्यांचाच. मी पुढे पॅनडॉक धरूनच लिहिणार आहे, कारण एकच फाईल वेगवेगळ्या बोलींच्या नियमांनी वाचण्याची सोय त्यात आहे आणि तुलना करण्यासाठी आपल्याला नेमके तेच हवे आहे.

पॅनडॉक थेट एका रूपातून दुसऱ्या रूपात उडी मारत नाही. तो आधी मजकूर वाचून मनाशी एक आराखडा बांधतो, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा ठळक शब्द असे ठरवतो, आणि मग त्या आराखड्यावरून वर्ड किंवा एचटीएमएल लिहितो. चाचणी घेताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी, कारण वर्डमध्ये दिसणारा बिघाड वाचताना झाला की लिहिताना झाला, हे आराखडा पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी: फाईल कशी जपून ठेवायची

एक वेगळा फोल्डर करावा आणि त्यात लहान लहान चाचणी फायली ठेवाव्यात. एका फाईलीत एकच शंका असावी. पन्नास ओळींची सर्वसमावेशक फाईल करण्याचा मोह सुरुवातीला प्रत्येकाला होतो, पण तिच्यात एक यादी बिघडली की पुढचे सगळे वाचन बिघडते आणि मूळ दोष कुठला ते सापडत नाही.

फाईल जपून ठेवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडावे. पॅनडॉक तेच गृहीत धरतो. मजकूर युनिकोडमध्येच असायला हवा हे सांगायला नको, पण आपल्याकडे जुन्या डीटीपी फायलींतून उचललेला मजकूर अजूनही सर्रास फिरत असतो आणि त्या युनिकोडपूर्व फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही, कारण त्यातला तारा (*) किंवा आडवी रेघ ही कदाचित एखाद्या जोडाक्षराचा भाग असते आणि कन्व्हर्टर मात्र तिला खूण समजून बसतो.

पॅनडॉकला कमांड देताना ‘फ्रॉम’ या पर्यायाने कोणत्या बोलीतून वाचायचे आणि ‘टू’ या पर्यायाने कोणत्या रूपात लिहायचे ते सांगतात. उत्तर फाईलीत घेण्यासाठी ‘आऊटपुट’ हा पर्याय वापरावा. विंडोजवरच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेने उत्तर फाईलीत वळवले, तर ती फाईल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते आणि मग दोष कन्व्हर्टरचा आहे असा उगाच समज होतो.

दुसरी पायरी: प्रत्ययाचा सांधा

हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नये. पुढील चार ओळी, मध्ये एकेक रिकामी ओळ सोडून, एका फाईलीत लिहाव्यात.

```
उद्या **खानापूर**ला जायचे आहे.

उद्या __खानापूर__ला जायचे आहे.

उद्या **(खानापूर)**ला जायचे आहे.

उद्या **‘खानापूर’**ला जायचे आहे.
```

आता ही फाईल एकदा कॉमनमार्कच्या नियमांनी आणि एकदा पॅनडॉकच्या स्वतःच्या मार्कडाऊन बोलीने वाचून दोन्ही वेळा एचटीएमएल काढावे. पहिल्या ओळीतले गाव दोन्हीकडे ठळक येईल. दुसऱ्या ओळीतले दोन्हीकडे ठळक येणार नाही आणि अधोरेषा तशाच छापल्या जातील, कारण शब्दाच्या पोटात आलेली अधोरेषा ही खूण मानायची नाही असा नियम आहे. संगणकाच्या क्षेत्रात अधोरेषा घालून जोडलेली नावे फार असतात आणि ती सांभाळण्यासाठी हा नियम केला गेला. ‘खानापूर’ला चिकटलेला ‘ला’ हा कन्व्हर्टरच्या लेखी शब्दाचाच पुढचा भाग असल्यामुळे आपली अधोरेषाही त्याच्या दृष्टीने पोटात येते. म्हणून मराठीत ठळक आणि तिरप्या अक्षरांसाठी तारा हीच खूण वापरावी, अधोरेषा वापरू नये. हा एक नियम पाळला तरी निम्मे काम झाले असे समजावे.

तिसरी आणि चौथी ओळ मात्र दोन बोलींत दोन तऱ्हांनी वाचली जाते. पॅनडॉकची स्वतःची बोली त्या ठळक करते. कॉमनमार्क करत नाही, आणि तारे कागदावर उतरतात. कॉमनमार्कच्या मते खूण बंद होण्यासाठी तिच्या डावीकडे मोकळी जागा नसावी एवढे पुरेसे नाही. डावीकडे कंस किंवा अवतरण यांसारखे विरामचिन्ह असेल, तर उजवीकडे मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह असायला हवे. आपल्या ओळीत डावीकडे कंस आहे आणि उजवीकडे ‘ला’. इंग्रजीत कंसाला लागून अक्षर क्वचितच येते. मराठीत वर्तमानपत्राचे, नाटकाचे, संस्थेचे नाव अवतरणात घालून त्याला ‘ने’, ‘चा’, ‘मध्ये’ जोडणे ही रोजची गोष्ट आहे. उपाय साधा आहे: तारे अवतरणाच्या आत घ्यावेत. ‘**खानापूर**’ला असे लिहिले की दोन्ही बोलींत ते ठळक येते.

सरळ अवतरणचिन्हांची चाचणीही याच बैठकीत उरकून घ्यावी. पॅनडॉकची स्वतःची बोली कळफलकावरची सरळ चिन्हे आपणहून वळणदार करते, पण एकेरी चिन्हाच्या पुढे लगेच अक्षर आले तर ते अवतरण बंद करणारे चिन्ह न मानता इंग्रजीतला लोपचिन्हाचा प्रकार मानते. परिणामी 'शाळा'तून असे लिहिल्यास आरंभीचे चिन्हही उलट्या तोंडाचे येते. वळणदार चिन्हे स्वतःच टंकावीत, किंवा ‘स्मार्ट’ नावाची ही सोय बंद करावी. मी पहिला मार्ग धरतो.

तिसरी पायरी: आकडे आणि अक्षरे घातलेल्या याद्या

सदतीस नावांच्या यादीकडे परत येऊ.

```
१. जांबोटी
२. नंदगड
३. कणकुंबी
```

कॉमनमार्कमध्ये क्रमयादीची खूण म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ यांपैकी आकडे आणि त्यांच्यापुढे टिंब किंवा कंस, एवढेच. देवनागरी आकडा त्यात बसत नाही, म्हणून वरच्या तीन ओळी हा साधा परिच्छेद ठरतो, आणि परिच्छेदातली ओळ मोडली तरी ती मोकळ्या जागेसारखीच धरायची हा सर्वसाधारण नियम लागू होऊन सगळे एका ओळीत येते. अ), आ), इ) अशी पोटयादी केली तरी तेच होते. पॅनडॉक रोमन अक्षरांच्या याद्या ओळखतो, देवनागरी अक्षरांच्या नाही.

इथे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची चाचणी घ्यावी. मूळ फाईलीत आकडे इंग्रजीत लिहिले तर यादी खरी यादी म्हणून वाचली जाते. एचटीएमएलमध्ये ते आकडे देवनागरीत दाखवण्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, यादीच्या आकड्यांचा प्रकार म्हणून ‘देवनागरी’ निवडण्याची सोय आहे, आणि वर्डमध्ये यादीचा प्रकार नंतर हाताने बदलता येतो. दुसरा मार्ग म्हणजे देवनागरी आकडेच ठेवून प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देणे, जिच्यामुळे ओळ तिथेच मोडते. शेवटी दोन मोकळ्या जागा सोडूनही ओळ मोडते, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही संपादक कार्यक्रम फाईल जपून ठेवताना त्या पुसून टाकतात, म्हणून मी त्या वापरत नाही. लहान यादीला दुसरा मार्ग पुरतो. ज्या यादीत नंतर नावे घालायची-काढायची आहेत, तिथे पहिलाच मार्ग बरा, कारण क्रमांक आपोआप सरकतात.

चौथी पायरी: टंकलेखनाच्या जुन्या सवयी

ज्यांनी टाइपरायटरवर किंवा वर्डमध्ये वर्षानुवर्षे पत्रे लिहिली आहेत, त्यांच्या हाताला काही सवयी असतात आणि मार्कडाऊनमध्ये त्यांचा अर्थ भलताच होतो. परिच्छेदाच्या आरंभी चार मोकळ्या जागा किंवा टॅब दिला तर तो परिच्छेद संगणकीय आज्ञावली समजला जातो आणि वेगळ्या, एकसारख्या रुंदीच्या फाँटात, न मोडणाऱ्या एका लांब ओळीत येतो. पत्राच्या शेवटी सहीसाठी रेघ ओढण्याची सवयही अशीच आहे:

```
आपला विश्वासू
--------------
सचिव
```

यात ‘आपला विश्वासू’ हे दुसऱ्या पातळीचे शीर्षक होते, आणि अनुक्रमणिका काढली असेल तर तिथेही जाऊन बसते. रेघेच्या आधी एक ओळ रिकामी सोडली की ती नुसती आडवी रेघ राहते.

पॅनडॉकच्या बोलीत शीर्षकापूर्वी आणि यादीपूर्वी रिकामी ओळ हवी असते, कॉमनमार्कमध्ये ती सक्तीची नाही. दोन्हीकडे चालावे असे वाटत असेल तर ती नेहमी सोडावी. शीर्षकाच्या चौकटखुणेनंतर (#) मोकळी जागाही हवी. ती नसल्यास दोन्ही बोलींत शीर्षक होत नाही.

तक्त्यांबाबत सल्ला एकाच वाक्यात देता येईल: उभ्या रेघांनी रकाने पाडलेला तक्ता वापरावा आणि अक्षरे एकाखाली एक जुळवून रकाने ओळखले जातात असे प्रकार टाळावेत, कारण देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार वेगळी जागा घेत नसल्याने डोळ्यांना जुळलेले दिसते ते यंत्राच्या मोजणीत जुळलेले नसते. कुंदा, मांडे आणि करदंट यांच्या तीन ओळींचा एक तक्ता करून पाहिला तर शुद्ध कॉमनमार्कमध्ये तक्ता हा प्रकारच नसल्याने उभ्या रेघा तशाच छापलेल्या दिसतील, आणि पॅनडॉकच्या बोलीत तक्ता नीट येईल. मूळ फाईलीतली तक्त्याची एखादी ओळ ७२ खुणांहून लांब गेली, तर पॅनडॉक रकान्यांची रुंदी शीर्षकाखालच्या रेघांच्या लांबीवरून ठरवतो. त्यामुळे रुंद रकान्याखाली रेघाही जास्त द्याव्यात.

पाचवी पायरी: आराखड्यात डोकावणे

‘टू’ या पर्यायाला ‘नेटिव्ह’ असे उत्तर दिले की पॅनडॉक आपला आतला आराखडा दाखवतो. नवख्या माणसाला तो पाहून धक्का बसतो, कारण त्यात मराठी अक्षर एकही दिसत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि एक आकडा असतो. हा बिघाड नाही. तो त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, आणि मराठीसाठी त्याचा असा काही उपयोग होतो की मी आता मुद्दाम तिथे जातो.

चोर्ल्याच्या घाटातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन शब्द एका फाईलीत लिहावेत. दऱ्या या शब्दाचे आकडे २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ असे येतील. दर्या या शब्दात फक्त दुसरा आकडा बदलून २३५२ होईल. २३५३ म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, २३५२ म्हणजे साधा र, आणि २३८१ म्हणजे हलन्ताची खूण. काही कळफलक मात्र दऱ्या टंकताना साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात, आणि तेव्हा मध्येच ८२०५ हा आकडा दिसतो. दऱ्या टंकण्याच्या या दोन्ही तऱ्हा पडद्यावर सारख्याच दिसतात, पण शोधताना एक सापडते आणि दुसरी सापडत नाही. दोन-तीन जणांनी मिळून लिहिलेल्या अहवालात हे हमखास आढळते. वर्ड फाईल काढून ती पुन्हा पॅनडॉकने वाचावी आणि तेच आकडे परत येतात का ते पाहावे. मध्ये कुठे ८२०५ गळाला असेल तर दऱ्यांचा दर्या झालेला असतो, आणि शुद्धलेखन तपासनीसाला तो दोष दिसणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

सहावी पायरी: कागदावरची अक्षरे आणि कन्नड मजकूर

आराखडा बरोबर असूनही छपाई बिघडू शकते. पॅनडॉक पीडीएफ काढण्यासाठी एरवी पीडीएफलाटेक हे पाने जुळवणारे इंजिन वापरतो आणि त्याला देवनागरी जमत नाही. म्हणून झीलाटेक हे इंजिन निवडावे, मुख्य फाँट म्हणून नोटो सेरिफ देवनागरी किंवा शोभिका यांसारखा फाँट द्यावा, आणि फाँटाच्या पर्यायांत लिपी देवनागरी आहे हेही सांगावे, नाही तर जोडाक्षरे सुटी पडलेली दिसू शकतात. फाईलीच्या आरंभीच्या माहितीत भाषा मराठी असल्याची नोंदही करावी. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवलेले पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श काही फाँटांत भाषा मराठी आहे हे कळल्यावरच येतात.

आपल्या बेळगाव भागात याच्या पुढची एक चाचणी अटळ आहे. सभेची सूचना असो वा परवानगीचा अर्ज, एकाच पानावर वर कन्नड आणि खाली मराठी असे पुष्कळदा असते. बहुतेक देवनागरी फाँटांत कन्नड अक्षरे नसतात, आणि तेव्हा पीडीएफमध्ये कन्नडच्या जागी रिकामी जागा किंवा चौकोन येतात. पॅनडॉक अशा वेळी फाँटात अक्षर नसल्याचा इशारा टर्मिनलवर देतो. इशारे वाचायची सवय नसेल तर ती इथे लावून घ्यावी. वर्डमध्ये हा प्रश्न सहसा जाणवत नाही, कारण वर्ड न सापडलेल्या अक्षरासाठी दुसरा फाँट आपणहून शोधतो. विंडोजवरच्या निर्मला यूआय या फाँटात दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे निदान कच्च्या प्रतीसाठी तो सोयीचा पडतो. चाचणी फाईलीत कन्नड आणि मराठी एकाच परिच्छेदात, एकाच वाक्यात आणि एकाच ठळक खुणेच्या आत अशी तीनदा घालून पाहावी.

वर्ड फाईलीसाठी पॅनडॉकला नमुना फाईल देता येते, जिच्यातल्या शैली तो उचलतो. त्या फाईलीत शैली बदलताना लॅटिन फाँटाचा रकाना बदलून थांबू नये. वर्ड देवनागरी आणि कन्नड या लिप्यांना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि त्यांचा फाँट व आकार वेगळ्या रकान्यांत ठेवतो. ‘मी फाँट बदलला, पण काही झाले नाही’ ही तक्रार मी जितक्यांदा ऐकली, तितक्यांदा कारण हेच निघाले.

सातवी पायरी: उत्तरे जपून ठेवणे

प्रत्येक चाचणी फाईलीशेजारी तिचे बरोबर उत्तर, म्हणजे हवे तसे एचटीएमएल, त्याच नावाने ठेवावे. हे उत्तर आधी स्वतःच्या हाताने लिहावे आणि मग कन्व्हर्टर चालवावा. कन्व्हर्टरने दिलेले उत्तरच बरोबर म्हणून जपले तर चूकही जपली जाते. उत्तरे ताडून पाहताना ‘रॅप’ हा पर्याय ‘नन’ असा द्यावा, नाही तर पॅनडॉक लांब ओळी आपल्या सोयीने मोडतो आणि फरक दाखवणारा कार्यक्रम जिथे काहीच बदललेले नाही तिथेही फरक दाखवतो.

फोल्डरमध्ये एक लहान टिपणही असावे, त्यात पॅनडॉकची आवृत्ती, वापरलेली बोली, फाँटाचे नाव आणि तारीख लिहावी. नवी आवृत्ती घेतली, संगणक बदलला किंवा दुसऱ्या कुणी फायली पाठवल्या की सगळ्या चाचण्या पुन्हा चालवाव्यात. तीस-चाळीस लहान फायलींना चहा गाळून होईपर्यंतचा वेळही लागत नाही. खऱ्या कामात नवा घोटाळा सापडला तर तो फक्त दुरुस्त करून सोडू नये, त्याची दोन ओळींची फाईल करून याच फोल्डरमध्ये टाकावी. माझ्या फोल्डरमधल्या पहिल्या फाईलीचे नाव ‘सदतीस’ आहे.